खिडकी इथे, संगणक तिथे

रेडिओ दुर्बिणीने नोंदवलेल्या डेटावर काम करताना एक टप्पा असा येतो, की जिथे डोळ्यांना पर्याय नसतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत, आणि आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींबरोबरच विजेच्या तारांमधल्या ठिणग्या, मोबाइलचे मनोरे आणि डोक्यावरून जाणारे उपग्रह यांचा गोंगाटही त्या तितक्याच निष्ठेने टिपतात. हा गोंगाट बाजूला काढण्याचे पुष्कळसे काम आता प्रोग्राम आपोआप करतात. पण कोणत्या अँटेनाचे वागणे मध्यरात्रीनंतर बिघडले आणि कोणता वारंवारतेचा पट्टा संपूर्णच टाकून द्यावा लागेल, हे आलेखावर नजर टाकल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. एका निरीक्षणाचा डेटा शेकडो गिगाबाइटपर्यंत जाऊ शकतो. तो घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेणे व्यवहार्य नसते, आणि उतरवलाच तरी त्यावरचे गणित लॅपटॉपला झेपत नाही. म्हणून डेटा आणि प्रोग्राम दोन्ही दूरच्या मोठ्या संगणकावर राहतात आणि मी त्या प्रोग्रामची खिडकी तेवढी माझ्या स्क्रीनवर उघडतो.

त्यासाठी फार खटपट करावी लागत नाही. टर्मिनलमध्ये एसएसएचची, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाची, कमांड देताना तिला एक डॅश आणि मोठ्या लिपीतला एक्स जोडायचा, आणि पलीकडे पोचल्यावर आलेख काढणाऱ्या प्रोग्रामचे नाव टाइप करायचे. खिडकी उघडते ती माझ्या ईमेलच्या आणि टिपणांच्या खिडक्यांशेजारी, त्यांच्यातलीच एक होऊन. तिला ओढून बाजूला सारता येते, लहानमोठी करता येते, तिच्यातला आकडा कॉपी करून माझ्या टिपणात पेस्ट करता येतो. दूरच्या संगणकाचा डेस्कटॉप, त्याचा वॉलपेपर, त्याचे मेनू यांतले काहीही तिच्याबरोबर येत नाही. या व्यवस्थेविषयी मला जे ममत्व वाटते ते मुख्यतः एवढ्याचसाठी. काम करणाऱ्याचे टेबल त्याचेच राहते. त्याने मांडलेल्या मांडणीत दूरचा प्रोग्राम आपली एक जागा घेतो आणि काम संपले की निघून जातो. अलीकडे ‘एक्स’ या नावाने ओळखली जाणारी ही सोय जुनाट म्हणून मोडीत काढण्याची भाषा वारंवार कानावर येते, आणि ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपण नेमके काय मोडीत काढत आहोत हे पाहिलेले नसते, असे माझे मत झाले आहे.

या सोयीचा उगम अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आहे. १९८३ मध्ये तिथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने प्रोजेक्ट अथेना हा उपक्रम सुरू झाला. संपूर्ण आवारात संगणक बसवायचे आणि विद्यार्थी कोणत्याही संगणकासमोर बसला तरी त्याला त्याचे काम करता यावे, ही त्यामागची कल्पना होती. मात्र यंत्रे दोन निरनिराळ्या कंपन्यांची असल्यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेला चित्रमय प्रोग्राम दुसऱ्यावर चालेल याची शाश्वती नव्हती. अथेनामधले जिम गेटिस आणि एमआयटीच्याच संगणकशास्त्र प्रयोगशाळेतले बॉब शायफ्लर यांनी यावर जो तोडगा काढला तो धाडसी होता: प्रोग्राम जिथे चालायचा तिथे चालू द्या, चित्र मात्र माणूस बसला असेल तिथे काढा, आणि या दोहोंमध्ये यंत्राच्या जातीशी देणेघेणे नसलेला एक ठरीव संवाद ठेवा. या रचनेला एक्स विंडो सिस्टीम असे नाव पडले. तिच्यात सर्व्हर म्हणून काम करतो तो माझ्या समोरचा लॅपटॉप, कारण स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस या वाटून द्यायच्या गोष्टी त्याच्याकडे असतात. आणि कपाटे भरून प्रोसेसर असलेला दूरचा महासंगणक त्याच्याकडे मागणी नोंदवणारा क्लायंट ठरतो. नव्याने शिकणारे इथे हमखास गोंधळतात. पण स्क्रीन हीच दुर्मीळ वस्तू आहे आणि अनेक प्रोग्रामना ती वाटून घ्यायची आहे, असे एकदा मनाशी धरले की सगळी रचना सरळ दिसू लागते.

या संवादात जे पाठवले जाते ते, निदान मूळ कल्पनेप्रमाणे, चित्र नसते. चित्र कसे काढायचे याच्या सूचना असतात. ठिपक्यांची रांगोळी एखादीने दुसरीला फोनवरून सांगावी, तसे ते आहे: इतके ठिपके, इतक्या ओळी, दुसऱ्या ओळीतला तिसरा ठिपका चौथ्या ओळीतल्या पाचव्याला जोड. ऐकणारीकडे अंगण आहे, रांगोळी आहे आणि हात आहे. सांगणारीकडे फक्त आकृतीचे ज्ञान आहे. एक्समध्ये एक सरळ रेघ काढण्याची सूचना २० बाइटांत मावते. याउलट १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका स्क्रीनचे संपूर्ण चित्र, न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, पाठवायचे म्हटले तर, ८० लाख बाइटांहून मोठे होते. १९८० च्या दशकातल्या नेटवर्कवर सूचना पाठवणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

रांगोळी सांगण्याचेही दोन प्रकार असतात. प्रत्येक रेघेनंतर ‘काढलीस का?’ असे विचारून, होकार आल्यावरच पुढची रेघ सांगता येते. किंवा ऐकणारीवर विश्वास ठेवून सलग सांगत जाता येते. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली डब्ल्यू ही आधीची विंडो सिस्टीम पहिल्या प्रकाराने काम करत असे. शायफ्लर यांनी जून १९८४ मध्ये सहकाऱ्यांना नव्या रचनेविषयी कळवले, तेव्हा त्यांनी सांगितलेली मुख्य गोष्ट हीच होती, की डब्ल्यूमधला बराचसा कोड घेऊन त्यांनी त्याभोवती उत्तराची वाट न पाहणारा संवाद रचला आहे. इंग्रजी वर्णमालेत डब्ल्यूच्या पुढचे अक्षर तेवढे नावासाठी घेतले. तिथून आवृत्त्या भराभर पुढे गेल्या आणि सप्टेंबर १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. आज माझ्या लॅपटॉपवर आलेख येतो तो याच अकराव्या आवृत्तीच्या नियमांनी. संगणकाच्या जगात एखादा संवाद इतकी वर्षे टिकून राहणे ही आदराने पाहण्याची गोष्ट आहे.

तरीही खिडकी कधी कधी अत्यंत संथपणे उघडते, आणि ‘एक्स मंद आहे’ हा शेरा लोक तिथेच मारून मोकळे होतात. मंदपणाचे कारण मात्र बहुतेकदा दुसरीकडे असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर धरले तर केवळ जाऊन येण्यातच एका सेकंदाचा आठवा भाग खर्ची पडतो, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात तो पाचव्या भागापर्यंत किंवा त्याहीपुढे जातो. सलग सांगितलेल्या सूचनांना याची बाधा फारशी होत नाही. त्या एकामागून एक वाहत येतात. पण प्रोग्रामने उघडताना शंभर प्रश्न एकेक करून विचारले आणि प्रत्येक उत्तरासाठी तो थांबून राहिला, तर वीस सेकंद निव्वळ प्रवासात जातात. इंटरनेटचे कनेक्शन कितीही महागडे घेतले तरी त्या वीस सेकंदांत घट होत नाही. कीथ पॅकार्ड आणि जिम गेटिस यांनी २००३ मध्ये एक्सच्या नेटवर्कवरील कामगिरीचा जो अभ्यास मांडला, त्यातही अशा फेऱ्यांचा खर्चच ठळकपणे समोर आला. रंग, गुणधर्मांची नावे अशा क्षुल्लक बाबी प्रोग्राम लिहिणाऱ्यांची साधने पुन्हा पुन्हा विचारत होती. स्क्रीन त्याच यंत्रात असेल तर त्याचा खर्च जाणवत नाही, आणि बहुतेक प्रोग्रामर त्याच यंत्रासमोर बसून प्रोग्राम लिहितात. १९९० च्या दशकात लो बँडविड्थ एक्स नावाचा एक विस्तार आणला गेला होता; तो प्रामुख्याने बाइट वाचवण्याच्या मागे लागला आणि पुढे वगळला गेला. त्यानंतर आलेल्या एक्ससीबी या प्रोग्रामरांसाठीच्या संचाने मात्र आधी सगळे प्रश्न पाठवून उत्तरे मागाहून गोळा करण्याची मुभा दिली. दोष मूळ रचनेत किती आणि तिच्यावर बांधकाम करणाऱ्यांच्या सवयीत किती, हे वेगळे करून पाहायला हवे. मूळ रचना १९८४ मध्येच वाट न पाहण्याच्या तत्त्वावर उभी राहिली होती.

मात्र सूचना पाठवणे नेहमीच स्वस्त असते असेही मी म्हणणार नाही, कारण माझे स्वतःचे काम त्याच्या विरुद्ध साक्ष देते. जीएमआरटीच्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीची नोंद काही सेकंदांनी, हजारो वारंवारतांवर होते. असा सगळा डेटा एका आलेखात मांडायचा म्हटले तर एक कोटी बिंदू सहज होतात. एक्समध्ये प्रत्येक बिंदूला निदान ४ बाइट लागतात, म्हणजे एका आलेखासाठी सुमारे ४ कोटी बाइट. आणि ते सगळे बिंदू ज्या खिडकीत एकमेकांवर पडतात तिचे न दाबलेले चित्र फार तर ३० लाख बाइटांचे असते. कोटी ठिपक्यांची रांगोळी कोणी फोनवर सांगत बसणार नाही; फोटो पाठवणे सोपे. म्हणून आम्ही वापरतो ते आलेखाचे प्रोग्राम बिंदू दूरच्या संगणकातच रंगवून तयार चित्र पाठवतात, आणि ते योग्यच आहे. काय सांगायचे आणि काय दाखवायचे याचा निर्णय मजकुराकडे पाहून घ्यावा लागतो.

असाच एक बदल अक्षरांच्या बाबतीत झाला, आणि त्याविषयी मराठी माणसाने थोडे अधिक बोलायला हवे. एक्सच्या मूळ रचनेत फॉन्ट स्क्रीनच्या बाजूला असत. प्रोग्रामने अमुक जागी अमुक अक्षरे लिही एवढेच सांगायचे, आणि स्क्रीनच्या बाजूने एका संकेताला एक आकृती या हिशेबाने ती डावीकडून उजवीकडे मांडायची. इंग्रजीला हे पुरेसे होते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी बसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, आणि ‘क्ष’ किंवा ‘त्र’ची आकृती तिच्या घटकांना शेजारी ठेवून तयार होत नाही. ही जुळणी करण्याचे ज्ञान त्या जुन्या संवादात नव्हते. पुढे २००० च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांनी रेंडर हा विस्तार आणला आणि फॉन्टचे काम प्रोग्रामच्या बाजूला सरकले: जोडाक्षरांची जुळणी प्रोग्रामने करायची, लागणाऱ्या आकृत्यांची चित्रे स्क्रीनकडे एकदा पाठवून ठेवायची आणि नंतर त्यांच्या क्रमांकांनी त्या मागवायच्या. अनेक जुने जाणकार या बदलाकडे मूळ तत्त्वाचा भंग म्हणून पाहतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. दूरच्या संगणकावरच्या संपादकाच्या खिडकीत ‘कार्यक्षेत्र’ हा शब्द आज नीट दिसतो तो याच मार्गाने, आणि आकृती एकदाच पाठवली जात असल्यामुळे सूचनांची काटकसरही बऱ्याच अंशी शाबूत राहते. ज्या तत्त्वात आपली लिपी मावत नाही ते तत्त्व थोडे वाकवून घेणे भाग होते, आणि ते फार नीट वाकवले गेले.

विश्वासाचा प्रश्न याहून अवघड आहे. एक्सची घडण एका विद्यापीठाच्या आवारात झाली, आणि एकाच स्क्रीनवर आलेल्या प्रोग्रामना एकमेकांपासून लपवण्याची गरज तिथे कोणाला फारशी वाटली नसावी. परिणामी एकदा प्रवेश मिळालेला कोणताही प्रोग्राम इतर खिडक्यांतली चित्रे उचलू शकतो आणि मी दुसऱ्याच खिडकीत टाइप केलेली अक्षरेही वाचू शकतो. प्रवेशासाठी १२८ बिटांचा एक गुप्त क्रमांक असतो, ज्याला मॅजिक कुकी म्हणतात. पण जुन्या काळी तो नेटवर्कवरून उघडाच जात असे, आणि घाईत असलेले लोक एका कमांडने सगळ्यांनाच दार मोकळे करून देत. फिनलंडमधल्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले तेव्हा या खिडक्यांना सुरक्षित वाट मिळाली. तिची रचना मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. दूरच्या संगणकावर एसएसएच स्वतःच एक स्क्रीन असल्याचे भासवतो, सहसा दहाव्या क्रमांकाची, आणि तिथल्या प्रोग्रामला डिस्प्ले या चलातून तोच पत्ता मिळतो. प्रोग्राम जे बोलतो ते कूटबद्ध होऊन माझ्या लॅपटॉपपर्यंत येते. शिवाय माझा खरा गुप्त क्रमांक पलीकडे कधी जातच नाही. तिकडे जातो तो एक बनावट क्रमांक, आणि तो परत आल्यावर इकडचा एसएसएच तो तपासून त्याजागी खरा ठेवतो.

एवढे असूनही, आत आलेली खिडकी काय करू शकते हा प्रश्न उरतोच. मोठ्या एक्सने आलेल्या प्रोग्रामवर निर्बंध घालावेत आणि मोठ्या वायने आलेल्याला पूर्ण विश्वास द्यावा, असा एसएसएचचा मूळ संकेत आहे. निर्बंध घातले की काही प्रोग्राम चालेनासे होतात, आणि कदाचित म्हणूनच डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींनी आपल्याकडे दोन्ही पर्याय सारखेच ठेवले आहेत. पुष्कळ विद्यार्थी मोठा एक्स वापरून आपण सुरक्षित आहोत असे समजतात. उबुंटूवर ते तसे नसते. ज्या संगणकाच्या व्यवस्थापकावर माझा विश्वास नाही तिथून मी खिडकी उघडत नाही, आणि इतरांनाही तेच सांगतो.

आणखी एक उणीव मला घरी प्रकर्षाने जाणवते. वीज गेली, राउटर बंद पडला आणि संपर्क काही काळासाठी तुटला, की खिडकी तर जातेच, पण तिच्यामागचा दूरचा प्रोग्रामही बंद पडतो, कारण ज्या स्क्रीनशी तो बोलत होता ती नाहीशी झालेली असते. ज्या गावांत पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते तिथे ही गोष्ट किरकोळ राहत नाही. म्हणून तासन् तास चालणारे गणित मी खिडकीपासून वेगळे, संपर्क तुटला तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्स या प्रोग्राममध्ये चालवतो आणि खिडकी केवळ पाहण्यापुरती उघडतो. केंब्रिजमधल्या ओलिव्हेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेतून १९९८ मध्ये बाहेर पडलेल्या व्हीएनसीने या अडचणीवर सोपा उपाय दिला: दूरच्या संगणकावर संपूर्ण डेस्कटॉप चालू ठेवायचा आणि त्याच्या चित्रातला बदललेला भाग तेवढा पाठवत राहायचा. संपर्क तुटला तरी डेस्कटॉप तिथे जिवंत राहतो. मी व्हीएनसी वापरतो आणि त्याच्या कर्त्यांविषयी कृतज्ञ आहे. पण त्यात एका स्क्रीनमध्ये दुसरी स्क्रीन येते, दोन मेनूपट्ट्या आणि दोन कॉपी-पेस्ट येतात, आणि शेजारशेजारच्या दोन खिडक्यांमध्ये नकळत एक कुंपण उभे राहते. एक्सप्रा या प्रोग्रामने हे कुंपण टाळले: खिडकी एकेकटी येते, संपर्क तुटला तरी प्रोग्राम जिवंत राहतो आणि नंतर पुन्हा जोडता येतो. त्याची ओळख याहून अधिक लोकांना व्हायला हवी.

क्रिस्तियान ह्यॉग्सबेर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेला वेलँड हा नवा संवाद आता बऱ्याच ठिकाणी एक्सची जागा घेत आहे. रेड हॅटच्या लिनक्स प्रणालीच्या दहाव्या आवृत्तीत जुना एक्स सर्व्हर देण्यात आलेला नाही. जुन्या प्रोग्रामसाठी एक्सवेलँड हा दुवा ठेवला आहे. वेलँडमध्ये रेघ काढ, अक्षर लिही अशा सूचनाच नाहीत. प्रोग्राम आपले चित्र पूर्ण रंगवतो आणि ते ज्या स्मृतीत आहे ती स्मृतीच स्क्रीनवर खिडक्यांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या हवाली करतो. एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी वाचता येत नाही, त्यामुळे विश्वासाचा तो जुना प्रश्न मुळातच मिटतो, आणि हा लाभ फार मोठा आहे. पण दोन यंत्रांची स्मृती एक नसते, म्हणून दूरची खिडकी त्या संवादात बसत नाही. ‘आता ब्राउझर आहे, डेस्कटॉप दाखवणारे प्रोग्राम आहेत, एकट्या खिडकीची गरज कोणाला?’ असे यावर सांगितले जाते. गरज आम्हाला आहे, आणि ती पुरवता येते हे वेपाइपने दाखवून दिले आहे. मॅन्युएल स्टोएकल यांनी लिहिलेला हा प्रोग्राम दोन्ही टोकांना बसतो, वेलँडचा संवाद ऐकतो, चित्रातला बदललेला भाग दाबून एसएसएचवरून पाठवतो, आणि पलीकडची एकटी खिडकी इकडे उभी करतो.

ब्राउझरचा मार्गही मी आनंदाने स्वीकारला आहे, जिथे तो विचारपूर्वक घडवला आहे तिथे. रेडिओ खगोलशास्त्रातल्या प्रतिमा पाहण्यासाठी कार्टा हा प्रोग्राम आता रूढ होत आहे. त्यात प्रचंड फाइल दूरच्या संगणकावरच राहते. मी पाहतो आहे तेवढ्या भागाच्या तीव्रतेचे आकडे दाबून माझ्याकडे येतात, आणि त्यांना रंग चढवण्याचे काम माझ्या लॅपटॉपचा ग्राफिक्स प्रोसेसर करतो. रंगपट्टी बदलली किंवा फिक्या भागाचा उठाव वाढवला की चित्र तत्क्षणी बदलते, कारण त्यासाठी समुद्रापलीकडे काहीच विचारावे लागत नाही. शायफ्लर आणि गेटिस यांनी घेतलेला निर्णय, म्हणजे डोळा जिथे आहे तिथे चित्र काढण्याचा, इथे नव्या साधनांनी पुन्हा घेतलेला मला दिसतो, आणि त्यांना न सुचलेल्या ठिकाणी रेघ ओढून घेतलेला दिसतो.

अँटेना तपासण्याचा आलेख मात्र माझ्याकडे अजून एक्सनेच येतो. आम्ही वापरतो त्या संगणकाची कार्यप्रणाली लवकरच बदलायची आहे. वेपाइप दोन्ही टोकांना असावा लागतो, म्हणून त्या बदलाबरोबर तोही तिथे बसवावा, एक्सवेलँड काढू नये, आणि बदल होण्याआधी नेहमीचे आलेखाचे प्रोग्राम दूरच्या व मंद संपर्कावरून तपासून पाहावेत, अशी विनंती मी तिथल्या व्यवस्थापकांना लेखी कळवली आहे. ती तपासणी माझ्या घरच्या कनेक्शनवरून करून देण्याची तयारीही त्यात नोंदवली आहे.